दसऱ्यानंतरचा ब्रेक

बाबा, तुमच्या नातीने मोटरसायकल घेतली आहे. लालभडक, पुढे वाकून चालवायची. चालवणारा रस्ताभर कुणाला तरी नमस्कार करत चाललाय असं वाटतं. चेन पुसणं, तिला तेल देणं, टायरची हवा बघणं हे खातं माझ्याकडे आलंय. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी चेन पुसताना पाठीवर तुमची नजर असतेच. रविवारची सकाळ, मुलुंडच्या आपल्या इमारतीखाली तुम्ही लुंगी खोचून गाडीशी बसलेले, आणि मी कॉलेजात नुकतंच शिकलेलं तर्कशास्त्र तुम्हाला ऐकवतोय: धूर दिसला की अग्नीचं अनुमान करावं. तुम्ही मान वर न करता म्हणता, "तुझ्या शास्त्रात धुराचा रंग विचारत नाहीत? निळा असेल तर ऑइल जळतंय. जा, फडकं आण."

यंदा दसऱ्याला पोरीने गाडी धुतली, आईने तुमच्या गाडीची करायची तशीच पूजा केली. दुसऱ्या दिवशी अंधेरीला ऑफिसला जाताना भांडुपच्या सिग्नलला पुढचा ब्रेक धरेचना. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबली, पुढच्या रिक्षापासून वीतभर अंतरावर. घरी येऊन सांगताना हसत होती, पण पाण्याचा पेला तिने दोन्ही हातांनी धरला होता. तुमच्या सूनबाईचं मत पडलं, गाडी विकून टाका. पोर म्हणाली, "बाबा, आधी बघ तरी काय झालंय ते. मग विक."

बघायला बसलो. ब्रेकचा लिव्हर दाबला तर घट्ट. म्हणजे आत हवा शिरलेली नाही. ब्रेक ऑइल खुणेपर्यंत, पॅड चांगले जाड. अनुमानं संपली तेव्हा डोळा चाकाशी नेला. ब्रेक लावला की पॅड जिला चिमटीत धरतात त्या डिस्कच्या बारीक भोकांत लाल काहीतरी अडकलं होतं, बोटाला तेलकट लागलं. आईने तेलात कालवलेलं कुंकू. सगळ्यात चकचकीत जागा बघून तिने तिथेच स्वस्तिक काढलं होतं. तिचं तरी काय चुकलं? तुमच्या गाडीचे ब्रेक चाकाच्या पोटात असायचे. ती जन्मभर चाकाला कुंकू लावत आली आणि तुम्ही जन्मभर सुखरूप घरी येत राहिलात. या दोन गोष्टींचा संबंध नाही, हे तिला कोण सांगणार?

आई गॅलरीतून विचारते, "सापडलं का रे काही?" मी तोंड उघडायच्या आत पोर म्हणाली, "पॅड गेलेत गं आजी, बदलतोय." खोटं नव्हतंच, तेल प्यालेले पॅड बदलावेच लागतात. डिस्क क्लीनरने पुसली, नवे पॅड बसवले, आवारातच हळूहळू ब्रेक लावत चकरा मारल्या. जेवताना ती आजीला म्हणते, "पुढच्या वर्षी स्वस्तिक टाकीवर काढ ना. फोटोत झकास दिसेल."

"मग आधी सांगायचंस की गं," आई म्हणाली, आणि तिला आणखी एक पोळी वाढली.

आज पोर पुन्हा अंधेरीला गेली. हे पत्र टाकायला पेटी नाही, आणि घरात ठेवलं तर आई चष्मा लावून वाचेल. तेव्हा फाडणारच आहे. म्हणून एक दुरुस्ती करून टाकतो. गाडी विकायचं मत सूनबाईचं नव्हतं. बोललो मी. तुम्ही विचारलं असतंत, हात लावून बघितलंस का? नव्हतं बघितलं, बाबा. घाबरलो होतो.