मिटलेली छत्री

शनिवार, श्रावण. कन्नौदजवळची धर्मशाळा, दिवेलागण.

कपडे दोरीवर अजून ठिबकताहेत. दिवसभर पाऊस, आणि माझी छत्री दिवसभर मिटलेली. गुडघा दुखतो म्हणून तिचीच काठी केली होती. कोणाला कळणार नाही असं मला का वाटलं, देव जाणे.

चढावर वसंताने त्याच्या इंदुरी बोलीत विचारलंच. आमचा चालण्याचा क्लब तोच चालवतो.

"भिया, छत्री खोलत का नाहीस? बिगड गई क्या?"

"भिजायला बरं वाटतं," म्हटलं.

त्याने एकदा माझ्या गुडघ्याकडे पाहिलं. पुढच्या वळणावर सगळ्यांना थांबवून म्हणाला, "आज तू पुढे हो."

आमच्यात सर्वांत हळू चालणारा पुढे असतो. बाकीच्यांनी त्याच्या चालीने चालायचं, म्हणजे कोणी मागे राहत नाही. ती जागा सत्तरीच्या देशपांडेकाकांची. मला अजून पन्नास पुरी नाहीत. पाय उचलेना.

काका बाजूला झाले. "ये रे बाबा. इतकी वर्षं पुढे एकटाच होतो, बोलायला कोणी नाही."

मग माथ्यापर्यंत मागून त्यांच्या सुनेबद्दलच्या तक्रारी ऐकल्या.

वरच्या मारुतीला हात जोडले. हल्ली दर शनिवारी एकच मागणं असायचं, गुडघा कोणाला कळू नये. आज मागायला काही सुचेना. नुसता उभा राहिलो, बराच वेळ. मागे सगळे थांबलेले.

उद्या उतरण आहे. काकांनी त्यांची जादा काठी माझ्या खाटेशी आणून ठेवली आहे. ती घेईन. छत्री उघडीन.