मुखेडची ती मुलगी

सोम. ११ एप्रिल १९८३

जिल्हा नवा, खुर्च्या जुन्या — उस्मानाबादहून ट्रकनं आलेल्या, माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड. आरोग्य खात्यात टायपिस्ट तिघी अन् मशीन दोन. आज मशीन माझ्या वाट्याला आलं, म्हणून खूश!

नळाला आठ दिवस पाणी नाही. खोलीवर तारामतीनं तांदळाच्या धुवणात भांडी विसळली, त्यातच फरशी पुसली, उरलं ते घरमालकीण दानम्माच्या कढीपत्त्याला. ही तारामती देवणीची, इथं दवाखान्यात नर्स. माझी खोलीतली जोडीदार.

गुरु. १४ एप्रिल

जयंती. तारामती मिरवणुकीला माझ्यासोबत आली, तीच दवाखान्याची पांढरी साडी नेसून. म्हटलं, आज तुझी ड्युटी आमच्याकडं. लेझीममध्ये घुसली, पाय चुकले, तरी हटली नाही. पोट दुखेपर्यंत हसले.

तिच्याकडं बघताना आत काहीतरी हललं. ते काय असतं, मला माहीत आहे. वही मिटते.

मंगळ. १९ एप्रिल

माझ्याच गावाहून, मुखेडहून व्यंकटराव बदलून आले. हेडक्लार्क. सगळ्यांसमोर म्हणाले, "तू साहेबराव गुरुजींची पंचफुला ना? बरी झालीस का?" मग चहावर बाकीच्यांना सगळं सांगितलं.

हो, ती मीच. कॉलेजात वर्गातल्या सिंधूला चिठ्ठी लिहिली होती — तू नसलीस की दिवस जात नाही. तिच्या भावानं ती बसस्टँडवर मोठ्यानं वाचली. गाव म्हणालं, पोरगी पोरीला असलं लिहिते, म्हणजे डोकं बिघडलं! सहा महिने घराबाहेर पडले नाही. भूक गेली, झोप गेली. मावशीनं अंगारा आणला, दादा शाळामास्तर, त्यांनी तो फेकून दिला आणि मला नांदेडच्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर शेवटी म्हणाले होते, भूक आणि झोप परत आली, आता बाकीचं तुमचं तुम्ही बघा.

बघतच होते की.

गुरु. २१ एप्रिल

शेजारच्या टायपिस्टनं खुर्ची लांब सरकवून घेतली. दोन दिवस घास उतरत नाही. भीती ह्या लोकांची नाही, त्या सहा महिन्यांची वाटते.

शुक्र. २२ एप्रिल

तारामतीला सगळं सांगितलं. दुसऱ्यांकडून कळण्यापेक्षा बरं. ती डाळ निवडत होती. मला वाटलं, आता ट्रंक उचलणार.

विचारलं काय, तर गोळ्या कोणत्या होत्या! नर्स ती नर्सच. सांगितल्या. कधी बंद झाल्या? वर्ष झालं. मग ताट खाली ठेवून म्हणाली, "डोकं तुझं बरंच हाय. ती चिठ्ठी वाचणाराला न्यायला पाहिजे होतं दवाखान्यात."

दोन भाकरी वाढल्या. दोन्ही खाल्ल्या.

एक गोष्ट मात्र सांगितली नाही. आता चिठ्ठी कुणाला लिहावीशी वाटते, ते.

सोम. २५ एप्रिल

व्यंकटराव काल दानम्मापर्यंत पोचले. या दोघींवर लक्ष ठेवा म्हणाले. दानम्मानं मलाच हसत सांगितलं. तिनं त्यांना विचारलं होतं, पाण्याची घागर आणली का? नाही? मग या दिवसांत रिकाम्या हातानं लोकाच्या दारी कशाला येता! अन् आम्हा दोघींबद्दल तिची तक्रार एकच — नळ आला की आम्ही गप्पा मारतो आणि रांग अडते.

आज ऑफिसात व्यंकटरावांना म्हटलं, "हाव साहेब, बरी झाले. जेवते, झोपते." आवाज जरा मोठाच लागला. ते फायलीत शिरले. दुपारी शेजारची खुर्ची परत जवळ आली. पंखा माझ्या बाजूला आहे, म्हणून असेल. असेना.

बुध. २७ एप्रिल

तारामती अर्ज टायपायला घेऊन आली. तिची देवणीला बदली मंजूर झाली होती, ती रद्द करावी म्हणून. मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं. कारणाची जागा कोरी. काय लिहू, विचारलं. घरगुती, म्हणाली.

घर तर तुझं देवणीला.

"न्हाई," ती म्हणाली. माझ्याकडंच बघत होती. "इथं हाय."

चारदा चुकले, चारदा कागद बदलला. कार्बनची एक प्रत मी ठेवून घेतली.