बदामाची चार पानं

रविवार, ७ फेब्रुवारी १९९३

हरलो, तरी हसूच येतंय. मेहुण्यानं शिकवलेला पोकर, डाव भुईमुगाच्या शेंगांचा. माझ्याकडे चांगल्या दोन जोड्या होत्या. पण पान बदलून घ्यायच्या आधीच बायकोनं, सुमननं, शेंगा दुप्पट केल्या, त्याही अशा ठसक्यात की मी घाबरून पत्ते टाकून डाव सोडला. मग तिनं दाखवलं. बदामाची चार पानं, पाचवं इस्पिकचं! पाचही बदामाची असती तर माझ्या जोड्यांवर मात; चारच, म्हणजे हातात काहीच नाही?

"जीजाजी, गए काम से!" मेहुणा ओरडला.

सुमन म्हणाली, "पाचवं बदामाचं आलं असतं तरी जिंकले असते, तुम्ही पळालात तरी जिंकले. थांबायचं कशाला?"

तेच डोक्यात फिरतंय. बदामाची चार पानं. माझी नोकरी होती ती मिल बंद होऊन वर्ष झालं, राजवाड्यामागचा गाळा त्याच्या मालकानं माझ्या दुरुस्तीच्या दुकानासाठी ठेवलाय, आणि मी मिल उघडायची वाट बघतोय. उघडली तर कूलर-मिक्सरची दुरुस्ती संध्याकाळी करीन, नाही उघडली तर दिवसभर. मग अडलंय कुठे यार?

"उद्या गाळ्याची किल्ली आणतो," मी म्हणालो.

जिंकलेल्या शेंगा एकटीच खात बसलेली सुमन थांबली. शेवटची शेंग तिनं सोलून माझ्या हातावर ठेवली.