हिंगण्याचं अपडाऊन

ता. नरखेड, जि. नागपूर
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय प्रशिकजी,

सप्रेम जय भीम.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुमच्या आईंचा गुडघा आता कसा आहे? आमच्याकडे संत्र्याची तोडणी सुरू झाली आहे, त्यामुळे बाबा दिवसभर बागेत असतात आणि आई दिवसभर बाबांच्या नावाने ओरडत असते. धाकटी पायल बारावीचा अभ्यास मोबाइलवर करते, म्हणजे असं ती म्हणते. थंडी इतकी पडली आहे की सकाळी पाण्यात हात घालायचा धीर होत नाही.

तुम्हाला हसू येत असेल. रोज फोनवर बोलणारी मुलगी एकाएकी कागद घेऊन बसली आणि पाकीट मैत्रिणीच्या हाती पाठवलं! मेघा आज गावी आली आहे, संध्याकाळच्या बसने परत जाईल. तिला काही विचारू नका, ती सांगणार नाही. खरं तर मी मेसेजच लिहिणार होते. लिहिला, पुसला, पुन्हा लिहिला, पुन्हा पुसला. तुमचा फोन तुमच्या बहिणीच्या हातात असतो. आणि तिकडे निळ्या खुणा दिसल्या की तुमचं उत्तर येईपर्यंत माझं काय होईल ते मला माहीत आहे. कागदाचं बरं असतं, कोणी कधी वाचला ते कळत नाही.

साक्षगंध होऊन लग्न ठरल्यापासून तुम्ही मागे लागलात की मला 'तू' म्हण. चार दिवस म्हणूनही पाहिलं. आज मात्र 'तुम्ही'च म्हणते. आज मला जरा लांबूनच बोलू द्या.

तर नोकरीचं. कंपनीला बुधवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे. लॅबचं काम आहे, माझ्या बी.एस्सी.ला शोभेल असं. मेघा तिथेच आहे, ती म्हणते माणसं चांगली आहेत. तुमची कंपनी दोन रस्ते सोडून. मे महिन्यात लग्न झालं की आपण वानाडोंगरीला राहणार, मग मी काय, चालतसुद्धा जाईन. प्रश्न तोवरचा आहे. तोवर गावाहून पार नागपूरपलीकडे हिंगण्याला अपडाऊन करायचं की नोकरी सोडायची, हे तुम्ही गेले पंधरा दिवस विचारता आहात आणि मी गेले पंधरा दिवस तुम्हाला फिरवते आहे.

मी म्हटलं, पहाटे फाट्यावर काळोख असतो. तुम्ही म्हणालात, बाबांना सोडायला सांग. बाबांना विचारलं तर ते एका पायावर तयार. "मी तसाबी मोटर सुरू कराले उठतोच ना वं, तुले सोडून वावरात जाईन," म्हणाले. मी म्हटलं, एसटी भरली असली की फाट्यावर थांबत नाही. तुम्ही म्हणालात, स्कूटी घेऊ, काटोलपर्यंत स्कूटीने जा, तिथून सगळ्या बसा मिळतात. मी म्हटलं, तिकडे नागपुरात काटोल नाक्यावर कंपनीची बस पकडायची तर उठायचं कधी आणि झोपायचं कधी? त्यावर तुम्ही हसलात. "काहून एवढं घाबरतं तू? सहा महिन्यांचाच तर सवाल हाये. बसमध्ये झोपून घेत जाजो."

तुम्ही प्रत्येक अडचण सोडवलीत. तुमचं काही चुकलं नाही. मी तुम्हाला खरी अडचण दिलीच नव्हती.

स्कूटीचं नाव काढलं की मी विषय बदलते, हे तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही म्हणालात, मी शिकवतो, मागे बसतो, पडू देत नाही. मला डरपोकही म्हणालात. मीही हसले. तुम्ही इतकं प्रेमाने म्हणालात की मला त्या रात्री रडू आलं.

मध्येच उठावं लागलं. आई जिन्यातून हाका मारत होती. मी गच्चीवर बसून काय लिहिते आहे, याचा तिला संशय आहे. मेघाच्या कंपनीचा अर्ज आहे म्हणून सांगितलं. हल्ली मला खोटं फार पटकन सुचतं.

आता लिहूनच टाकते. मला फिट येते.

आमच्याकडे मिरगी म्हणतात. आई तो शब्द घरात काढू देत नाही, ती 'चक्कर' म्हणते. पहिली फिट कॉलेजच्या होस्टेलवर आली, परीक्षेसाठी रात्रभर जागले होते तेव्हा. मेघाने पाहिली. दुसरी घरी आली, ती पायलने पाहिली. त्यानंतर बाबांनी नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन वर्षं काहीच झालं नाही. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या: गोळी चुकवायची नाही, झोप मोडायची नाही आणि स्वतः गाडी चालवायची नाही. नोकरी कर, लग्न कर, मुलं होऊ दे, सगळं कर म्हणाले. फक्त झोप मोडू नकोस. आणि हिंगण्याच्या या नोकरीत पहिली मोडणार ती झोपच.

तुम्ही मला पाहायला आलात तेव्हा मी आईला म्हटलं होतं की त्यांना सांगूया. आई भाकरी थापत होती, तिचा हात थांबला. "काहून सांगतं वं? दोन वर्सं झाले, काई झालं का तुले? गोळ्या तर घेऊनच राहिली ना तू. आणि सांगितलं तर मंग पायलचं का होईन? त्या घरात तसं हाये, असं गावभर होईन."  बाबा चहा पीत होते, तसेच पीत राहिले. मी गप्प बसले. तुम्ही मला आवडला होतात, हेही त्यात होतं. ते लपवण्यात आता काही अर्थ नाही.

गुरुवारचं सांगते.

"एकदा जाऊन-येऊन पाय, मंग ठरव," असं तुम्हीच म्हणाला होतात. म्हणून गुरुवारी गेले. आदल्या रात्री झोप लागलीच नाही. बस चुकेल, बस चुकेल असं वाटत राहिलं. पहाटे बाबांनी मोटरसायकलवर फाट्यावर सोडलं. धुकं एवढं की बस अंगावर येईपर्यंत दिसली नाही. बसमध्ये डोळा लागला की मान खिडकीवर आपटायची आणि मी दचकून जागी व्हायचे. कंपनीत सगळं छान झालं. लॅब बघितली, मॅडमना भेटले, त्यांनी चहा पाजला. मेघा म्हणाली, "चेहरा पाय तुवा, किती उतरला." मी म्हटलं, थंडीने.

परतीच्या बसमध्ये मला खिडकी मिळाली. सकाळची गोळी घेतली होती, तरी काटोल यायच्या आधी तोंडात तांब्याच्या भांड्यासारखी चव आली. ती चव आली की मला कळतं. पण कळून काही करता येत नाही, फार तर एक श्वास मिळतो. मी समोरच्या सीटचा दांडा धरला एवढं आठवतं.

डोळे उघडले तेव्हा मी बसमध्ये खाली, दोन सीटांच्या मधल्या जागेत पडले होते. बस थांबलेली. कोणीतरी माझ्या नाकाशी चप्पल धरली होती. माणसं वाकून बघत होती आणि एक जण मोबाइल वर धरून उभा होता. माझी सलवार ओली झाली होती. हे मी तुम्हाला लिहिते आहे आणि माझे कान तापले आहेत, पण सगळंच सांगायचं ठरवलं आहे. एका बाईने आपल्या अंगावरची शाल काढून माझ्या कमरेभोवती गुंडाळली. जयवंताबाई म्हणून, काटोलच्या बाजारात भाजी विकतात. त्यांनी त्या मोबाइलवाल्याला अशी शिवी दिली की ती मला कागदावर उतरवता येणार नाही. मग माझं डोकं मांडीवर घेतलं. "घाबरू नोको बाई, मी हाओ ना. सरक गा तू, हवा येऊ दे तिले!"

आणि आता जे लिहिते ते नीट वाचा. गुरुवारी दुपारी तुम्हाला माझा मिस्ड कॉल आला होता. तो मी केला नव्हता. कंडक्टरने माझा फोन उघडून शेवटचा नंबर लावला होता. तुमचा फोन पाळीच्या वेळी लॉकरमध्ये असतो, म्हणून तुम्ही उचलला नाही. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, कॉल केला होता का? मी म्हटलं, पर्समध्ये चुकून लागला. माझी जीभ चावली गेली होती, मी बोबडं बोलत होते. तुम्ही म्हणालात, "पान खाऊन बोलून राहिली का वं?" मी हो म्हटलं. नागपूरचं गोड पान खाल्लं, म्हटलं. तुम्ही हसलात आणि मला म्हणालात की एकटी एकटी मजा करते.

तेव्हापासून मला फार भीती वाटते आहे. बसची नाही, फिटचीही एवढी नाही, कारण ती येते तेव्हा मी तिथे नसतेच. मला डोळे उघडायची भीती वाटते. पहिला चेहरा दिसतो ना, त्यावर त्या माणसाच्या लेखी मी आता काय आहे ते लगेच दिसतं. पायलच्या चेहऱ्यावर दिसलं होतं, ती लहान होती, ती दाराआड गेली होती. लग्नानंतर कधीतरी एका सकाळी तो चेहरा तुमचा असेल. तोवर तुम्हाला काहीच माहीत नसेल, आणि मी खालून तुमच्याकडे बघत असेन. झोपायला गेले की हेच डोळ्यापुढे येतं. झोपायची तर मला सक्ती आहे, आणि झोप येत नाही. झोप येत नाही म्हणून आणखी भीती वाटते.

आईला गुरुवारचं सांगितलं. ती आधी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "नोकरीचं नाव सोड. लांब पडते म्हणून सांग त्याईले. लग्न होऊ दे, मंग पाहू." म्हणजे अपडाऊन हे कारण सगळ्यांच्याच सोयीचं आहे. मीसुद्धा पंधरा दिवस तेच वापरलं.

पण मला नोकरी सोडायची नाही. शुक्रवारी मी गच्चीवर येऊन कंपनीतल्या मॅडमना फोन केला आणि सगळं सांगितलं.  त्यांचं उत्तर येईपर्यंत मी मनातल्या मनात नोकरी घालवून बसले होते. मग म्हणाल्या, डॉक्टरांचं पत्र आण, रात्रपाळी देणार नाही, लॅबमध्ये एकटीला ठेवणार नाही. आणि अपडाऊन करू नकोस, जवळ राहा. मेघाची वानाडोंगरीला खोली आहे, तिची जोडीदारीण गेल्या महिन्यात सोडून गेली. मेघा म्हणते, ये. म्हणून बुधवारी मी हो कळवणार आहे. गावाहून ये-जा करणार नाही, मेघाकडे राहीन आणि रोज वेळेवर झोपेन. आईला अजून सांगितलेलं नाही. तिला वाटेल, रात्री पोरीला काही झालं तर? तेच मलाही वाटतं. तरी जाणार आहे.

बघा, त्या मॅडमना सांगताना माझा आवाज कापला नाही. तुम्हाला लिहिताना अक्षर किती वाकडं झालं आहे ते दिसतंच असेल.

पुढे कधी तुमच्यासमोर असं झालं, तर मला कुशीवर करायचं. तोंडात चमचा, बोट, काही घालायचं नाही. हातपाय दाबून धरायचे नाहीत. चप्पल हुंगवायची नाही, ती कोणाची का असेना. पाच मिनिटांत थांबलं नाही तर दवाखान्यात न्यायचं, नाहीतर नुसतं शेजारी बसायचं. हे मी का लिहिते आहे कोण जाणे. तुम्ही कदाचित अर्ध्यातच पत्र मिटलं असेल.

मिटलं असेल तर माझा राग नाही. खोटं बोलून जमवलेलं होतं, ते तुम्ही मोडलंत तरी चुकीचं म्हणता येणार नाही. फक्त एक करा. तुमच्या घरी माझ्या आजाराचं नाव काढू नका. सांगा, मुलीची नोकरी लांब पडते, तिला अपडाऊन झेपणार नाही आणि ती नोकरी सोडायला तयार नाही. आम्हीही गावात तेच सांगू. गाव ते हिंगणा किती लांब आहे ते सगळ्यांना माहीत आहे, कोणी जास्त विचारणार नाही. पायलच्या वाट्याला काही येणार नाही. एवढं माझ्यासाठी करा, मी पुन्हा काही मागणार नाही.

आणि मोडायचं नसेल, तर कृपा करून फोन करू नका. फोनवर तुम्ही "काही हरकत नाही" म्हणाल आणि ते खरं आहे की नाही ते मला कळणार नाही. तुम्ही या. अंगणात उभे राहा, चहा घेऊ नका, आईशी बोलू नका, आधी माझ्यासमोर या. मला तुमचा चेहरा बघायचा आहे. मी शुद्धीवर असताना.

मेघा खाली आली आहे, बसची वेळ झाली. पाकीट बंद करते.

आईबाबांना माझा जय भीम.

तुमच्या येण्याला आणि न येण्याला सारखीच घाबरलेली,
दीक्षा