बोला, फैजपूर

२ फेब्रुवारी १९८७, सोमवार
नवी डायरी. संकल्प: रोज लिहायचं आणि खरं लिहायचं.
तर खरं असं की मी, लीलाधर, वय २९, केळी बागायतदारांच्या ग्रुपच्या फैजपूर ऑफिसातला क्लार्क, प्रेमात पडलो आहे. तिला अजून पाहिलेलं नाही. गरजही वाटत नाही.
दिल्लीला किती वॅगन केळी हवीत हे विचारायला रोज तीनदा जळगाव एक्स्चेंजला ट्रंक कॉल बुक करतो. तिथे ती असते. "बोला, फैजपूर," म्हणते. मला इतक्या आपुलकीनं बोला कोणी म्हणत नाही. घरी सगळे गप्प बस म्हणतात.

५ फेब्रुवारी, सकाळी ९.१०
तिनं विचारलं, डबा आणलाय ना? वेळेवर जेवत जा. त्या भरात वॅगनचा आकडा लिहायचा राहिला. मॅनेजर नाना चिडले. नानांचं लग्न जुनं आहे, त्यांना कळणार नाही.

दुपारी ३
लाइन लागेना. मी म्हटलं, दिल्ली अजून दूर आहे का? ती खळखळून हसली.

सायंकाळी ५.५०
"कॉल ठेवायचा की कॅन्सल? मागे रांग आहे." एवढंच.
सकाळी काळजी, दुपारी हसू, संध्याकाळी राग. काय खोल बाई आहे. राग का, तेही कळलं. सहाला आमचं ऑफिस बंद होतं, मग उद्यापर्यंत माझा आवाज नाही.

९ फेब्रुवारी
झुलालला सांगितलं. शेजारच्या टेबलावर बसतो, नरडाण्याचा आहे. म्हणाला, "तोंड देखं नही, आनि पिरेम शे म्हणस?" मी समजावलं की तोंड पाहून तर कोणीही प्रेम करेल. तारेवरचं प्रेम शुद्ध असतं, मध्ये फक्त खांब येतात. त्याला पटलं असावं. उठून चहाला गेला.

१५ फेब्रुवारी, रविवार
आईनं पाचोऱ्याचं स्थळ काढलं. मुलगी बालवाडीत शिकवते. मी म्हटलं, माझं ठरलंय. आईनं नाव विचारलं. म्हटलं, उद्या विचारून सांगतो. "नाव माहीत नही, अन् म्हने ठरलं," ती म्हणाली. पाचोऱ्याची माणसं महिनाअखेरपर्यंतच थांबणार आहेत.

१६ फेब्रुवारी
नाव विचारलं. सकाळी: "ड्युटीवर नाव सांगत नाहीत, भाऊ." खात्यात सगळ्यांना भाऊ म्हणायचं सर्क्युलर असणार.
दुपारी: "ओळखा पाहू."
संध्याकाळी: "काय काम आहे?"
गुंता वाढतोय. म्हणजे प्रेम वाढतंय.

२० फेब्रुवारी
दिल्लीशी बोलताना ती मध्येच आली. "तीन मिनिटं झाली. अजून वाढवू?" आवाज जरा कापरा होता. मी म्हटलं, वाढवा, कायमचं वाढवा. दिल्लीचे शेठ म्हणाले, "क्या?"

२५ फेब्रुवारी
पाचोऱ्याला नकाराचं पोस्टकार्ड टाकलं. आई जेवली नाही. एकदा सून दारात आली की जेवेल. आकाशी सफारी शिवून आला. खांद्यात सैल आहे, पण आनंदानं माणूस रुंद होतो. शनिवारी जळगाव.

२८ फेब्रुवारी, शनिवार. परतल्यावर
बरोबर दोनला एक्स्चेंजवर पोचलो. हातात केळी वेफर्सचं एक पाकीट. वॉचमनला म्हटलं, आत सांगा, फैजपूर आलंय.
तिघी आल्या.
पहिल्या बेबाबाई. चष्मा, पांढरे केस, पुढच्या वर्षी रिटायर. म्हणाल्या, "डबा खाल्ला का?" दुसऱ्या कुंदाबाई, सातवा महिना. मला बघून खळखळून हसल्या. तिसऱ्या सुमनबाई. त्यांना सोडायला नवरा स्कूटरवर आला होता. त्यानं माझा हात हातात घेऊन विचारलं, "तुम्हीच का फैजपूर?"
सकाळ, दुपार, संध्याकाळ. तीन ड्युट्या. पगाराचा दिवस, म्हणून तिन्ही एकदम हजर.
मी खुर्चीवर बसलो. कुंदाबाई म्हणाल्या, आम्हाला तुम्ही उंच वाटला होतात, मिशीवाले. बेबाबाईंनी त्यांना गप्प केलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. मी सगळं सांगून टाकलं. पोस्टकार्डाचं, आई जेवली नाही त्याचंसुद्धा. बेबाबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, तुला आवडली ती बाई आम्हा तिघींची मिळून झालेली. एकटीत कुठे सापडायची ती?"
वेफर्स सगळ्यांनी खाल्ले. मीही. मीठ बरोबर होतं.

१ मार्च, रविवार
विचाराअंती मत: तारेवर प्रेम होतं. नक्की होतं. फक्त ऑपरेटर एकच हवी. दोष ड्युटी लावणाऱ्याचा.
झुलालला सांगायचं की एक्स्चेंज बंद होतं.

२ मार्च, सोमवार, सकाळी ९.०५
कॉल लावला. पहिल्या शब्दातच ओळखलं, बेबाबाई. आता तिघी लगेच ओळखू येतात. दिल्ली, ऑर्डिनरी कॉल, एवढंच सांगितलं. त्यांनी विचारलं, आई जेवली का?
मी म्हटलं, हॅलो, हॅलो, लाइन खराब आहे, काही ऐकू येत नाही.
त्या म्हणाल्या, मला तर स्वच्छ येतंय.