पेटीजवळ मी, स्वयंपाकघरात ती

बाई, तुम्ही गेलात तेव्हा माझ्याकडे साधा कॉम्प्युटरही नव्हता, त्यामुळे आधी हे समजावून सांगायला हवं. आता चाली कॉम्प्युटरवर बांधतात. पेटी, तबला, बासरी, सगळं एका पडद्यावर मावतं. त्यासाठी निरनिराळी सॉफ्टवेअरं असतात, आणि सावजी खाणावळ कुठली चांगली यावरून आपल्याकडे जसे वाद होतात, तसे आमच्या धंद्यात यावरून होतात. मी क्यूबेस वापरतो. ती, कामठीहून ऑटोनं यायची ती तुमची लाडकी, एफएल स्टुडिओ वापरते. का वापरते हे मी काल भर सभेत ऐकलं, आणि तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय.

इथल्या एका कॉलेजात आम्हा दोघांना मुलांशी बोलायला बोलावलं होतं. मला एकट्याला का नाही, इथूनच माझं बिनसलं. एका मुलीनं विचारलं, "संगीतकार कोणतं सॉफ्टवेअर पसंत करतात, अन् काहून?" मी माईक ओढलाच. सांगितलं, सिनेमावाले बरेचदा क्यूबेस घेतात, कारण चित्राला संगीत बसवणं सोपं जातं. मॅक कॉम्प्युटरवाले लॉजिक नावाच्या सॉफ्टवेअरकडे वळतात, त्यात वाद्यं आयती मिळतात. आणि मी क्यूबेस धरून आहे कारण मी हातानं वाजवतो आणि वाजवलेलं तसंच्या तसं उतरतं. स्वतःवर बेहद्द खूश होऊन मी माईक तिच्याकडे दिला.

ती म्हणाली, "मले पेटी येत नाही, म्हणून एफएल. त्यात सूर माऊसनं मांडता येतात, रांगोळीच्या ठिपक्यांवानी. आमच्या बाईंकडे पेटी एकच होती, ती दादा वाजवायचे. मी आत भाजी निवडत गायची. लय जलन व्हायची मले दादांची!" पोरं हसली, टाळ्या पडल्या. मला मात्र हसू येईना. जळायचा मान माझा होता, बाई, तोही तिनं नेला.

तुमची बाहेरची खोली अजून डोळ्यांसमोर आहे. मी पेटीवर सुरांचे पलटे घासतोय, आतून फोडणीचा वास येतोय आणि तुम्हा दोघींचं हसणं ऐकू येतंय. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला सांगून टाकलं होतं, "तुह्या गळ्यात काही नाही गा, बोटं चांगली हायेत. तू पेटी सोडू नको." मी त्यातलं अर्धंच ऐकलं आणि गाणं बंद केलं. एकदा न राहवून मी उठून दाराशी आलो. ती मेथी निवडतेय, तुम्ही पोळ्या लाटताय. तुम्ही एक ओळ गुणगुणता आणि अर्ध्यात सोडून देता, ती पुरी करते. चुकली तर तुम्ही रागावत नाही, तीच ओळ पुन्हा गुणगुणता. हात कामात असले की गळा डोकं लावत नाही, असं तुमचं म्हणणं. तेवढ्यात तुम्हाला मी दिसलो. "काहून उठला गा? पलटे झाले का?" मी परत जाऊन भाता असा हाणला की तुम्ही आतून ओरडलात, "फाडून टाकतो का पेटी!" मला वाटायचं, खरी शिकवणी आत चाललीय आणि मला नुसतं बाहेर राखणीला बसवलंय.

परवा एका नाटकवाल्यानं आम्हा दोघांकडून चाली मागवल्या आणि तिची घेतली. ठिपके मांडून कुठं चाल होते का, असं मी चार लोकांत बोललोही. काल कार्यक्रम संपल्यावर ती स्कूटर काढताना थांबली. "दादा, त्या चालीत पेटीचा तुकडा हाय. कॉम्प्युटरातली पेटी मले नाही पाहिजे. तुम्ही वाजवता का?" मी म्हटलं, "बघतो, वेळ आहे का." माझ्याकडे महिनाभर दुसरं काम नाही, हे तिला ठाऊक असणार. तरी तिनं मान डोलावली आणि चाल मोबाईलवर पाठवून दिली.

घरी येऊन ऐकली. तुम्ही अर्ध्यात सोडायचात तसलीच एक ओळ मध्ये येते, आणि ती पुरी होण्याआधी तिनं जागा मोकळी ठेवली आहे. पेटीसाठी. आतापर्यंत ती ओळ नेहमी तिनंच पुरी केली होती. मी सकाळपासून पेटी घेऊन बसलोय, तुकडा केव्हाच बसला. मध्ये दोन ओळी गायलोसुद्धा, कुणी ऐकत नव्हतं म्हणून. चाल सुरेख आहे, बाई. माझ्याच्यानं झाली नसती.

तिचा फोन दोनदा येऊन गेला, मी उचलला नाही. हो म्हणणार आहे, पण संध्याकाळपर्यंत तिला जरा ताटकळू देतोय. हा कागद मात्र कुठं पाठवायचा नाही. पत्ता असता तरी पाठवला नसता. तुम्ही तो आधी तिलाच वाचून दाखवला असता.