साचा फोडण्याचा मान

मी, सलिल जनार्दन वर्तक, वय वर्षे पंच्याहत्तर, व्यवसाय काशाच्या मूर्ती ओतणे आणि जुन्या लोकांनी त्या कशा ओतल्या याचा शोध घेणे, राहणार रेवदंडा, तालुका अलिबाग, जिल्हा रायगड, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. डॉक्टर आश्लेषा पाठारे यांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. हात थरथरतो, त्यामुळे अक्षर वाकडे आहे. कोणाला लागले नाही तर माझी शिष्या राही हिला विचारावे. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, पुढे करण्याचा उत्साह राहील असे वाटत नाही.

१. माझ्या नावावरचे राहते घर आणि नारळी-पोफळीची वाडी माझा मुलगा ओंकार याला द्यावी. तिथे किहीमसारखी कॉटेजेस बांधून पाहुणे ठेवायचा त्याचा विचार आहे, हे मला ठाऊक आहे. खुशाल बांधावीत. मी गेल्यावर वाडीत कोण झोपतो याच्याशी मला कर्तव्य नाही. मात्र विहिरीजवळची भट्टीची पडवी आणि तिच्यापुढचे अंगण, कलम पाचमधील काम पुरे होईपर्यंत पाडू नये. तसेच पाहुण्यांना माझा फोटो दाखवून ‘थोर कलावंत’ वगैरे सांगू नये. नाश्त्याला घावन द्यावेत, तेवढे पुरे.

२. बँकेत जी शिल्लक असेल तिच्यातून आधी कलम पाचचा खर्च काढावा. उरलेली ओंकार आणि माझी सून नेत्रा यांनी निम्मी निम्मी घ्यावी. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

३. भाता, मुशी, सांडशा, तांबे-कथिलाचा साठा आणि माझी सगळी टिपणे राहीला द्यावीत. राही तळा गावची. सुट्टीत मूर्तिकाम बघायला म्हणून आली आणि घरच्यांनी कपाळाला हात लावला तरी परत गेली नाही. खाडीची माती, भाताचे तूस आणि शेण किती प्रमाणात मळले म्हणजे साचा तडकत नाही, हे शोधण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. ते आता तिच्या हातात आहे. पडवीतल्या फळीवर फसलेली ओतकामे मांडली आहेत. नाक नसलेली, पोटाला भोक पडलेली, अर्धवट भरलेली. ओंकारने ती भंगारवाल्याला घालू नयेत. आमचा सगळा अभ्यास त्या फळीवर आहे.

रंग खरवडण्याचे ब्रश आणि रंग काढायच्या औषधाचा न उघडलेला डबा आमच्या आळीतल्या देवळाला द्यावा. तिथली काशाची जुनी घंटा विश्वस्तांनी सोनेरी तैलरंगाने रंगवली आहे. मी भांडलो, तेव्हा विश्वस्तांपैकीच एक, माझे शेजारी तात्या, म्हणाले, “काळी घंटा देवापुढं बरी दिसत न्हाय, सलिल.” रंग लागल्यापासून घंटा घुमत नाही, नुसती ठसकते. देवाला कळत असेल. तात्यांनी डबा वापरावा किंवा वापरू नये, पण रोज आरतीला जाताना तो त्यांच्या डोळ्यांसमोर राहावा.

४. घरातल्या बाकीच्या मूर्ती ओंकारकडे राहाव्यात. अट एकच. त्यांना चिंच, कोकम, लिंबू, राख किंवा बाजारातली कुठलीही पावडर कोणी लावू नये.

अटीचे कारण नोंदवून ठेवतो. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत नेत्राने तांब्या-पितळेची भांडी घासायला काढली. कपाटात तिला एक काळा-हिरवा नंदी दिसला. जुन्या मूर्तींवर तो रंग कसा चढतो हे पाहायला मी नंदी जुन्या पद्धतीने ओतून वाडीच्या खाऱ्या मातीत पुरला होता आणि बऱ्याच वर्षांनी उकरून काढला होता. नेत्राने तो चिंच-मीठ लावून असा घासला, की संध्याकाळी त्यात मला माझे तोंड दिसले. “बाबा, किती कळकट झाला होता हो!” असे वर मलाच सांगितले. माझी पत्नी श्यामला तोंडाला पदर लावून हसत होती. ती पूर्ण दिवाळी मी सुनेशी बोललो नाही. आजही तो नंदी दिसला की माझे डोके फिरते. तो नेत्रालाच द्यावा. त्याचे व्हायचे ते होऊन गेले आहे.

५. आता मुख्य गोष्ट. श्यामलाचा मेणाचा चेहरा.

ती आजारी पडण्याआधीच्या हिवाळ्यात ओटीवर वाल सोलत बसायची, तेव्हा समोर बसून मी तो केला. पुरा होत आला तेव्हा तिने निरखून पाहिला आणि म्हणाली, “एवढा मोठा कान आहे का माझा?” आणि मी नको नको म्हणेपर्यंत स्वतःच अंगठ्याने डावा कान दाबला. मी ओरडलो. पण कान खरोखरच बरोबर झाला होता. अंगठ्याचा ठसा मी तसाच ठेवला.

ज्यांना हे काम माहीत नाही त्यांच्यासाठी लिहितो. मेणावर मातीचा साचा चढवतात. साचा भाजला की मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत कासे ओततात. म्हणजे चेहरा आधी घालवावा लागतो, मग तो मिळतो. ओतताना काही चुकले तर मिळतच नाही. लोकांच्या चेहऱ्यांचे मी हे जन्मभर केले. हिच्या चेहऱ्याला धीर झाला नाही. ती गेल्यावर तर मुळीच नाही. मला तिची फार आठवण येते, आणि घरात तिचे जे आहे ते एवढेच आहे असे मला वाटत राहिले.

मेण आमचा उन्हाळा सोसत नाही. म्हणून चेहरा विहिरीजवळ पाण्याच्या डेऱ्यात ठेवला आहे. तरी हनुवटी ओघळू लागली आहे. रबराचा साचा घ्यावा तर मेण आता इतके ठिसूळ झाले आहे, की राही म्हणते ओढताना कान निघून येईल. ओंकारने मोबाइलवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले आहेत. ते ठेवावेत. त्यांवरून मशीनवर काढलेले प्लॅस्टिकचे डोके मात्र माझ्या घरात नको.

गेल्या मे महिन्यात मला अलिबागला इस्पितळात ठेवले होते. चेहऱ्याचा गोळा झाला असणार, अशी मनाची तयारी करून मी घरी आलो. चेहरा जसाच्या तसा होता. तात्यांनी सांगितले, “तुझी सून पतपेढीतून दुपारची यायची, ती पयली विहिरीवर. डेऱ्यातलं पानी बदलायची, वर ओला गोणपाट टाकायची. मी म्हटलं, म्हातारा तिकडं आन् ही हितं काय करते!” नेत्राने मला एका शब्दानेही सांगितले नाही.

तर माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या हिवाळ्यात, माती खडखडीत कोरडी झाली की, श्यामलाचा चेहरा ओतावा. ओतकाम राहीने करावे. कोळसा करवंटीचा घ्यावा. पहाटेचा, जमिनीवरून येणारा मतलई वारा आहे तोवर ओतून घ्यावे, खारा वारा सुटला की आमच्या भट्टीचा जाळ ऐकत नाही. धातूत श्यामलाची काशाची वाटी घालावी. त्या वाटीने ती माझे तळपाय घासून द्यायची.

राहीने विचारले, “सर, फसलं तर?” फसले तर फसलेल्यांच्या फळीवर ठेवावे. कोणी कोणाला बोल लावू नये. पण दर उन्हाळ्याला थोडी थोडी अशी ती जायला नको.

आमच्या भट्टीवर साचा फोडायचा मान श्यामलाचा असे. आत काय झाले असेल या भीतीने माझा हातोडा वाकडा पडे. ती पदर खोचून, नारळ फोडावा तशी फोडून मोकळी होई. हा साचा नेत्राने फोडावा. ओंकारने आणि राहीने बाजूला उभे राहून सूचना करू नयेत.

आतून जे निघेल ते नेत्राचे. त्यावर दुसऱ्या कोणाचा हक्क नाही. कलम चारमधली मनाई या एका चेहऱ्याला लागू नाही. श्यामलाला काळवंडलेले भांडे डोळ्यांसमोर नको असायचे. नेत्राने दर दिवाळीला चिंच-मीठ लावून तिला हवी तेवढी लखलखीत करावी. डाव्या कानापाशी फक्त हलका हात ठेवावा. तिथे तिचा अंगठा आहे.

लिहून ठेवणार : सलिल जनार्दन वर्तक (सही)

वरील सही आमच्या दोघांच्या समोर झाली, आणि आम्हीही त्यांच्या समोर सह्या केल्या.

साक्षीदार :
१. चांगदेव हरी नाईक ऊर्फ तात्या, राहणार रेवदंडा (सही). घंटेविषयी लिहिले आहे ते मला मान्य नाही. बाकीचे बरोबर आहे.
२. डॉ. आश्लेषा पाठारे, राहणार रेवदंडा (सही)

स्थळ : रेवदंडा, भट्टीची पडवी
दिनांक : ९ फेब्रुवारी २०२५